रोस्टरची घरं आणि डॉक्टरांचं घर

ठाण्यातल्या एका खासगी रुग्णालयात मी गेली अकरा वर्षं डॉक्टरांच्या ड्युट्यांचा तक्ता, म्हणजे रोस्टर, लावते. डावीकडे नावं, वर १ ते ३१ तारखा आणि मधल्या प्रत्येक घरात एक अक्षर. एम म्हणजे सकाळ, ई म्हणजे संध्याकाळ, एन म्हणजे नाइट, ओ म्हणजे ऑफ. शेवटी सगळं एक्सेलमध्ये जातं, पण पहिली मांडणी मी अजून पेन्सिलीनेच करते, कारण खोडावं फार लागतं. गणपतीच्या महिन्यात तर कागद खोडून खोडून मऊ पडतो. कुणाचा दीड दिवसांचा, कुणाचा पाच दिवसांचा, कुणाच्या घरी गौरी, आणि कोकणातल्या दोघांना गावी जायलाच हवं. वसईचा एक ख्रिस्ती आरएमओ (वॉर्डात ड्युटीवर राहणारा डॉक्टर) दरवर्षी स्वतःहून येऊन सांगतो, "ताई, गणपतीच्या नाइट मला द्या, नाताळात मला सोडा." मुंब्र्याहून येणारी एक डॉक्टर लक्ष्मीपूजनाची आणि पाडव्याची ड्युटी घेते, आणि ईदच्या दोन दिवसांवर खूण करून ठेवते. असे चारदोन जण असतात म्हणून तो कागद पुरा होतो.

मधे दोन वर्षं मी हॉस्पिटल मॅनेजमेंटचा अभ्यासक्रम केला. तेव्हा कळलं, की आम्ही ऑफिसात ज्याला 'डॉक्टरांची घरची अडचण' म्हणून मोकळे होतो, त्यावर चाळीस वर्षं अभ्यास होत आला आहे. त्यातला पुढचा प्रश्न मला जास्त भिडला: ही अडचण वाढत गेली, की डॉक्टरांचं रुग्णालयावरचं मन कसं बदलत जातं? पाठ्यपुस्तकांत हे फार जड भाषेत असतं. मी इथे साध्या शब्दांत सांगते, आणि जे माझ्या कागदावर खरं उतरताना पाहिलं त्यापाशी जरा जास्त थांबते.

ओढाताण म्हणजे नेमकं काय

१९८५ मध्ये जेफ्री ग्रीनहाउस आणि निकोलस ब्युटेल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी या ओढाताणीची मांडणी केली. माणूस एकाच दिवसात डॉक्टर असतो, आई असतो, सून असतो, कुणाचा नवरा, कुणाचा मुलगा असतो. एका भूमिकेच्या मागण्या पुऱ्या करताना दुसरी निभावणं अवघड होऊन बसलं, तर ती ओढाताण. कुणी कमी पडलं असा यात आरोप नाही, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. दोन्हीकडच्या मागण्या रास्त असू शकतात. पेशंटला रात्री दोनला डॉक्टर हवाच, आणि तापाने फणफणलेल्या पोराला रात्री दोनला आई हवीच.

या दोघांनी ओढाताणीचे तीन प्रकार सांगितले. पहिला वेळेचा, आणि तो सगळ्यांना कळतो. शनिवारी सकाळी दहाला शाळेत पालकसभा, आणि दहालाच वॉर्डचा राउंड. पण वेळेचा हिशोब कागदावर दिसतो त्याहून मोठा असतो. आमच्याकडची नाइट रात्री आठ ते सकाळी आठ. म्हणजे बारा तास. घोडबंदर रोडला राहणारा आरएमओ संध्याकाळी सातला घर सोडतो. सकाळी आठनंतर हँडओव्हर, म्हणजे पुढच्या डॉक्टरकडे पेशंट सोपवणं, राहिलेली एखादी डिस्चार्ज समरी, मग कापूरबावडीपासून पुढे ट्रॅफिक. घरी पोचायला दहा वाजतात. बारा तासांची नाइट पंधरा तासांची होते. मुलगी शाळेतून येते तेव्हा बाबा झोपलेले, बाबा उठतात तेव्हा ती क्लासला, ती परत येते तोवर बाबा निघालेले. सलग तीन नाइट लागल्या की बापलेकीची भेट व्हॉट्सॲपवरच होते.

दुसरा प्रकार ताणाचा. इथे वेळ असतो, पण माणूस उरलेला नसतो. आमच्या एका भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी रुग्णालयाच्या नंबराला वेगळा रिंगटोन लावला आहे. त्यांचा पाच वर्षांचा मुलगा तो वाजला की खेळ टाकून उठतो, फ्रिजवरच्या वाटीतली गाडीची किल्ली घेतो आणि आईच्या हातात आणून देतो. त्याला कुणी शिकवलेलं नाही. त्या मला म्हणाल्या, "त्याने रडून जाऊ नको म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं." ऑन-कॉल म्हणजे नेमकं हे. त्या रात्री फोन आलाच नाही तरी कान तिकडेच असतात. रोस्टरमध्ये मी त्याला ड्युटी म्हणून मोजत नाही, कारण डॉक्टर घरी असतात.

तिसरा प्रकार वागण्याचा, आणि यावर सगळ्यात कमी बोललं जातं. एका कामात जे वागणं गुण ठरतं, तेच घरी टोचतं. अतिदक्षता विभागातले आमचे एक डॉक्टर सांगत होते. रात्री त्यांच्या वडिलांच्या छातीत जळजळायला लागलं. हे उठले आणि सुरू झाले: कधीपासून? किती वेळ? हाताकडे जातंय? घाम? आई दारात उभी होती. ती म्हणाली, "अरे, बाबांशी बोलतोयस तू." प्रश्न सगळे बरोबर होते. ईसीजीही नीट निघाला, पित्त होतं. पण वडील त्यानंतर दोन दिवस त्यांच्याशी तुटक बोलले. आयसीयूत जो तटस्थपणा पेशंटचा जीव वाचवतो, तो कोट काढताना खुंटीला टांगून येता येत नाही.

घरचं कुंपण लवकर वाकतं

ही ओढाताण दोन दिशांनी चालते. कामामुळे घर बिघडतं, आणि घरामुळे कामही बिघडतं. रिचर्ड नेटमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हे मोजायला प्रश्नावली केली, तेव्हा दोन्ही दिशांसाठी पाच-पाच वेगळे प्रश्न ठेवले. त्याआधी १९९२ मध्ये मायकेल फ्रोन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की दोन्ही दिशांचा जोर सारखा नसतो. काम घरात जितक्या सहज शिरतं, तितकं घर कामात शिरत नाही.

डॉक्टरांच्या बाबतीत हे डोळ्यांनी दिसतं. जेवताना वॉर्डचा फोन येतो आणि घास ठेवून घेतला जातो. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, असताना घरून आलेला फोन लॉकरमध्ये वाजून थांबतो. घराची सगळी तडजोड आधीच झालेली असते: वाढदिवस रविवारी सरकवलेला, मुंज डॉक्टरांच्या ऑफला धरून ठरवलेली, आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा पुढे गेलेलं.

आता माझ्या कागदाचा दोष सांगते. त्यावर एकच दिशा उमटते. सकाळी सातला मेसेज येतो, "ताई, मुलाला सांभाळणाऱ्या मावशी आज येणार नाहीत, मला दोन तास उशीर होईल." कागदावरच्या त्या घरावर मी लाल खूण करते, आणि महिन्याच्या शेवटी ती मोजली जाते. पण वॉर्डमुळे घरचं जे बुडालं, त्याची खूण करायला कुठलंच रजिस्टर नाही. त्यामुळे वर्षाच्या शेवटी मीटिंगमध्ये चित्र असं दिसतं की घर कामाला त्रास देतंय. खरा प्रवाह बहुतेक वेळा उलटा असतो.

आणखी एक गोष्ट. रजेच्या अर्जात पुरुष डॉक्टर 'पर्सनल वर्क' असं लिहितात. बायको बाळंतपणानंतर एकटी असली, तरी तेच. महिला डॉक्टर खरं कारण लिहितात: मुलाला कांजिण्या, सासूबाईंचं पडणं. मग वर्षभराच्या नोंदीत घरच्या अडचणी फक्त बायकांनाच असतात असं दिसतं, आणि पुढच्या वेळी नेमणूक करताना ती समजूत कुणाच्या तरी मनात असते. घरचा भार बायकांवर जास्त असतो हे खरंच आहे. पण पुरुषांवरचा भार लपवला गेला की त्या बायकांच्या नावावर दुप्पट चढतो.

तीन कारणांनी माणूस टिकतो

आता बांधिलकीकडे येऊ. 'कमिटमेंट' हा शब्द आमच्याकडे दिवसातून दहादा ऐकू येतो आणि त्याचा अर्थ कुणी विचारत नाही. १९९१ मध्ये जॉन मेयर आणि नॅटली ॲलन यांनी तो उलगडला. माणूस एखाद्या संस्थेत टिकून राहतो त्यामागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. त्यांची इंग्रजी नावं बाजूला ठेवते आणि मला सुचलेली देते.

जिव्हाळ्याची बांधिलकी: इथे मन लागलंय, ही माणसं माझी आहेत, हा वॉर्ड माझा आहे. हा डॉक्टर ऑफच्या दिवशीही फोन करून विचारतो, "बेड सातची सोनोग्राफी झाली का?"

नाइलाजाची बांधिलकी: सोडणं परवडत नाही. घराचा हप्ता आहे, मुलांची शाळा इथे आहे, नोटीस पिरियड तीन महिन्यांचा आहे. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना महाराष्ट्रात एक वर्षाच्या सेवेचं बंधपत्र असतं. ते वर्ष मोजून काढणारे कितीतरी जण आपण पाहतो.

ऋणाची बांधिलकी: ज्या सरांनी हातात हात घेऊन पहिली सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी) टाकायला शिकवली, ते इथे असताना मी कसा जाऊ? आपल्याकडे ही फार खोलवर असते.

एकाच माणसात तिन्ही कमीजास्त प्रमाणात असतात, हे मेयर आणि ॲलन यांनी स्पष्ट सांगितलं आहे. अडचण अशी की हजेरीत तिन्ही सारख्याच दिसतात. तिघेही वेळेवर येतात, तिघांच्याही घरात एम, ई, एन लिहिलेलं असतं.

मी यात मोठी चूक केली आहे. आमच्याकडे एक तरुण डॉक्टर होते. कधी नाही म्हणाले नाहीत. कुणी आजारी पडलं, कुणाचं लग्न निघालं, कुणी आयत्या वेळी दांडी मारली, की मी त्यांना फोन करायची. "हो ताई, टाका माझं नाव." त्यांच्या मूल्यमापनात मी 'सर्वांत विश्वासू' असं लिहिलं होतं, आणि मला ते मनापासून वाटत होतं. एका सोमवारी त्यांचा राजीनामा आला. मी हादरले. खाली कँटीनमध्ये चहा घेताना विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "एज्युकेशन लोनचा शेवटचा हप्ता गेल्या शुक्रवारी गेला. मनाने मी दोन वर्षांपूर्वीच गेलो होतो." दोन वर्षांपूर्वी त्यांची आई आजारी होती. तेव्हाचे कागद मी नंतर काढून पाहिले. त्या तीन महिन्यांत त्यांच्या नावापुढे एकोणीस बदली ड्युट्या होत्या. माझ्याच अक्षरातल्या.

ओढाताण जिव्हाळा कसा खाते

त्या डॉक्टरांचं जे झालं, त्याला अभ्यासात आधार आहे. २००२ मध्ये मेयर आणि सहकाऱ्यांनी तोवर झालेले अनेक अभ्यास एकत्र करून तपासले. काम आणि घर यांची ओढाताण जिथे जास्त, तिथे जिव्हाळा कमी आढळला आणि नाइलाज जास्त. म्हणजे ओढाताणीत सापडलेला माणूस लगेच सोडून जातोच असं नाही. तो थांबतो, पण थांबण्याचं कारण बदललेलं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात थांबतो.

असं का होतं, याचं एक पटणारं स्पष्टीकरण स्टीव्हन हॉबफॉल यांनी १९८९ मध्ये दिलं. माणसाकडे वेळ, झोप, शक्ती, नाती, मान अशी शिल्लक असते, आणि ती राखण्याची त्याची धडपड असते. शिल्लक आटायला लागली की तो उरलेली जपतो. आधी कुठला खर्च बंद करतो? जो सक्तीचा नाही तो. डॉक्टर पेशंटची तपासणी कधीच कमी करत नाही. तो ज्युनिअरला शिकवणं थांबवतो. इन्फेक्शन कंट्रोलच्या मीटिंगला जाणं टाळतो. एखादं औषध चुकता चुकता वाचलं, तर ते स्वतःहून सांगण्याच्या भानगडीत पडत नाही. या गोष्टींची हजेरी कुणी घेत नाही, म्हणून घसरण बराच काळ कळतही नाही.

डॉक्टरांच्या बाबतीत ती लपायला आणखी एक कारण आहे. त्यांची एक निष्ठा व्यवसायाशी आणि पेशंटशी असते, दुसरी संस्थेशी. संस्थेवरचा राग ते पेशंटवर काढत नाहीत. त्यामुळे पेशंटचे अभिप्राय उत्तम, आणि आतून डॉक्टर कधीच बाहेर पडलेला, असं होऊ शकतं. व्यवस्थापनाला पेशंटवरची माया दिसते आणि ती रुग्णालयावरची माया आहे असा समज होतो. मग "आमचे डॉक्टर फार डेडिकेटेड आहेत" असं म्हणून त्यांच्यावर आणखी एक नाइट चढते.

एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. असे बहुतेक अभ्यास एकदाच प्रश्नावली भरून घेऊन केलेले असतात, आणि उत्तरं माणसाने स्वतःबद्दल दिलेली असतात. ओढाताणीने मन उडालं, की मन उडाल्यामुळे प्रत्येक ड्युटी जाचायला लागली, हे अशा अभ्यासातून पक्कं सिद्ध होत नाही. बहुधा दोन्ही एकमेकांना वाढवतात. मला रोजच्या कामात पहिली दिशा जास्त दिसते, पण ती माझ्या एका कागदावरून काढलेली समजूत आहे.

ओढाताणीच्या पलीकडचंही थोडं

आनंदीबाई जोशी आपल्या कल्याणच्या. १८६५ चा त्यांचा जन्म. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांत गेला, योग्य उपचार मिळाले नाहीत, आणि त्या दुःखातून त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात त्यांना एमडी मिळाली. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. हे मी एवढ्यासाठी आठवते, की घर आणि वैद्यकी एकमेकांच्या वाटेत येतात तशी एकमेकांना उभंही करतात. ओढाताणीची मांडणी करणाऱ्या ग्रीनहाउस यांनीच २००६ मध्ये गॅरी पॉवेल यांच्याबरोबर ही दुसरी बाजू लिहिली: एका भूमिकेत मिळालेलं बळ दुसरीत उपयोगी पडतं. आमचे एक बालरोगतज्ज्ञ बाप झाल्यावर बदलले, असं नर्सेस सांगतात. आधी ते पॅरासिटामॉल लिहून पुढच्या पेशंटकडे वळायचे. आता बसून सांगतात, रात्री ताप वाढला तर काय करायचं, कपडे किती घालायचे, कधी घाबरायचं आणि कधी नाही.

एकत्र कुटुंबाचं मात्र मला सरसकट सांगता येत नाही. ज्या घरात सासू-सासरे नातवंडं सांभाळतात, तिथे नाइट निभावते. त्याच सासऱ्यांचं डायलिसिस सुरू झालं की घरातली एकुलती एक डॉक्टर म्हणून सगळ्यांची नजर सुनेकडे. चुलत दिराच्या मेव्हण्याचे रिपोर्टही हिच्याच व्हॉट्सॲपवर येतात.

नियम कुठे पोचतात

नियम आहेत. निवासी डॉक्टरांसाठी केंद्राच्या १९९२ च्या योजनेत सलग १२ तासांपेक्षा जास्त नको आणि आठवड्याला साधारण ४८ तास, असं लिहिलेलं आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत आठवड्याला एक सुट्टी आणि वर्षाला २० किरकोळ रजा आहेत. तासांबद्दल मात्र 'वाजवी' एवढाच शब्द आहे. २०२४ मध्ये आयोगाच्याच कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा सुचवली. अमेरिकेत निवासी डॉक्टरांना २००३ पासून ८० तासांची मर्यादा आहे, युरोपीय संघात ४८ तासांची. १९९२ चा कागद आणि २०२४ ची शिफारस शेजारी ठेवल्या की बत्तीस वर्षांत कागदावरचे तासही कमी झालेले नाहीत हे कळतं.

हे सगळं शिकाऊ, निवासी डॉक्टरांसाठी. खासगी रुग्णालयांतले आरएमओ, ज्यांत आपल्या भागात बीएएमएस (आयुर्वेद) आणि बीएचएमएस (होमिओपॅथी) झालेले पुष्कळ असतात, ते या नियमांत बसत नाहीत. प्रसूती रजा २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवड्यांची झाली, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. पण प्रोफेशनल फीवर येणाऱ्या कन्सल्टंट कर्मचारी धरल्या जात नाहीत. पेशंट पाहिले तर फी, नाहीतर काही नाही. बाळंतपणानंतर सहाव्या आठवड्यात ओपीडीला बसलेली स्त्रीरोगतज्ज्ञ मी पाहिली आहे. समोरच्या पेशंटला ती सांगत होती, "तीन महिने पूर्ण विश्रांती घ्या."

तासांपेक्षा अनिश्चितता जास्त छळते

इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. डॉक्टर कष्टाला कुरकुरत नाहीत. त्यांना तोडते ती अनिश्चितता. महिन्यात सात नाइट आहेत हे आधी माहीत असेल तर घर त्याभोवती आपली व्यवस्था लावतं. पाचच नाइट आहेत पण कुठल्या ते आदल्या रात्री कळणार असेल, तर घर कायम टांगलेलं राहतं.

पूर्वी पुढच्या महिन्याचं रोस्टर २८ तारखेला लागायचं. आता २० ला लागतं, आणि त्याआधी प्रत्येकाने तीन तारखा द्यायच्या ज्यांना मी हात लावणार नाही. कारण विचारायचं नाही. खर्च शून्य. पहिले दोन महिने मला रडकुंडीला आणलं या तीन तारखांनी, मग बसलं. आयत्या वेळच्या अदलाबदली खूप कमी झाल्या. बदली ड्युट्यांची आता वेगळी वही आहे. एकाच नावापुढे महिन्यात दोनपेक्षा जास्त लागल्या तर तिसरी देण्याआधी मला वैद्यकीय अधीक्षकांची सही घ्यावी लागते. ही अट मीच मागून घेतली.

दुसरी गोष्ट हँडओव्हरची. पुष्कळ डॉक्टर वेळ संपल्यावरही निघत नाहीत, कारण मागे सोडलेलं पुढच्याला नीट कळेल याचा भरवसा नसतो. २०१४ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ बालरुग्णालयांत एक अभ्यास झाला. हँडओव्हरला ठरावीक साचा दिला: आजार किती गंभीर, थोडक्यात हकिगत, करायची कामं, काय बिघडू शकतं, आणि घेणाऱ्याने ते परत म्हणून दाखवायचं. वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या, टाळता येण्याजोगे अपाय ३० टक्क्यांनी. तो अभ्यास पेशंटच्या सुरक्षेसाठी होता. मला त्यात डॉक्टरांचं घरही दिसतं. सव्वाआठला निश्चिंत मनाने निघता येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते रोज सव्वादहाला निघणाऱ्याला विचारा.

तिसरं, वरिष्ठांचं वागणं. लेस्ली हॅमर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये घराला समजून घेणाऱ्या वरिष्ठाची चार लक्षणं मांडली: मनाचा आधार, प्रत्यक्ष मदत, कामाची नव्याने मांडणी, आणि स्वतःच्या वागण्यातून दाखवणं. आमच्या सर्जरीच्या प्रमुखांनी एकदा भर वॉर्डात सांगितलं, "मी पाचला निघतोय, मुलीचा नाटकाचा प्रयोग आहे गडकरीला." पुढच्या महिन्यात दोन पुरुष डॉक्टरांच्या अर्जांत 'पर्सनल वर्क'ऐवजी खरं कारण आलं.

एक प्रश्न बरेच दिवस सुटत नव्हता. आमच्याकडे एक डॉक्टर आहेत, त्यांचे पती नेरूळला एका रुग्णालयात. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने ते जातात, कधी त्या स्टेशनवर सोडायला जातात. मुलगी सात वर्षांची. माझं रोस्टर त्यांच्या पतींच्या रोस्टरला ओळखत नव्हतं. दोघांची नाइट एकाच रात्री लागली की मुलगी शेजाऱ्यांकडे झोपायची, आणि ते महिन्यात दोनतीनदा व्हायचं. गेल्या पावसाळ्यात मी त्यांच्या पतींकडून नेरूळच्या त्या ऑफिसचा नंबर घेतला आणि फोन केला. पलीकडे माझंच काम करणाऱ्या एक बाई होत्या. आधी त्यांना कळेना मी कोण. मग म्हणाल्या, "थांबा, कागद घेते."

आता दर महिन्याच्या १८ तारखेला आमचा फोन असतो. दोन्हीकडे पेन्सिल. "तुमच्याकडे गुरुवार ९ नाइट आहे का?" "आहे, पण १० ला हलवता येईल." आता त्यांच्याकडच्या आणखी एका डॉक्टरांची बायको आमच्या कॅज्युअल्टीत लागली आहे, म्हणजे या महिन्यापासून दोन जोड्या झाल्या. फोन थोडा लांबतो.